चाकाचे नट

उल्हासनगरच्या त्या गॅरेजवाल्याला मी सात-आठ वर्षं ओळखतो. तो बोलतो ते बॉनेटमध्ये डोकं घालून, इंजिनाशी बोलल्यासारखं. गिऱ्हाईक सिंधी असो की मराठी, सगळ्यांना ‘साईं’ म्हणतो.

हिमालयात उंचावर स्पितीला जायचं ठरलं तेव्हा आम्ही चौघे मित्र जीप घेऊन त्याच्याकडे गेलो. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात माझ्या घरी बसून महिनाभर आखलेला प्लॅन मी त्याला मोबाइलवर दाखवला. गाडी कोण चालवणार, स्वयंपाक कोण करणार, सगळं त्यात होतं. त्याने तो नीट वाचला आणि विचारलं, “साईं, तुमच्यात सगळ्यात कमजोर कोण?”

तिघांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने माझ्या हातात पाना दिला. “मागचं चाक काढा.”

नट हवेच्या मशीनने आवळलेले होते. मी पान्यावर उभा राहिलो, तरी हलेनात. मित्र पुढे आले, तर त्याने त्यांना अडवलं. मग चारही चाकांचे नट मशीनने सोडवून त्याने हाताने आवळले. पक्के, पण माझ्याने सुटतील इतपतच. एकेक नट मला खोलून दाखवायला लावला.

“आम्ही तिघं आहोत ना,” गाडी चालवणारा मित्र वैतागला.

गॅरेजवाला पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. “वर हवा पातळ असते साईं. तुम्ही तिघं आडवे झालात तर?”

परतताना आम्ही अंबरनाथला पोचलो. तिथे त्याच मित्राने गाडी बाजूला घेतली आणि चावी माझ्यापुढे धरली.

“बदलापूरपर्यंत तू चालव.”