आज्याची बारा बोअर

"रायफल घ्या, रिव्हॉल्वर घ्या, पर बाची बंदूक नाय देनार," असं म्हणत पाचोडच्या गुलाबराव अण्णांनी तिन्ही हत्यारं माझ्या काउंटरवर मांडली.

शहागंजात माझं लायसनच्या हत्यारांचं दुकान आहे. तेव्हा कायदा नुकताच बदलला होता. पूर्वी एका लायसनवर तीन हत्यारं चालत, आता दोनच. तिसरं पोलिसांकडे नाहीतर आमच्यासारख्या डीलरकडे जमा करायचं. पुढे ते लायसनवरून उतरतं, म्हणजे कायमचं गेलं. लोक माझ्याशी असे भांडत, जणू कायदा मीच केला.

अण्णांचा मुलगा विलास कंपनीत इंजिनिअर. तो म्हणाला, "बाबा, ही जुनी दुनळी बारा बोअर देऊन टाका ना. रायफल तरी कामाची आहे."

"तुझ्या आज्याची हाय ती. दसऱ्याला तिचा बार झाल्याबिगर गावात कुनी सोनं वाटत नव्हतं."

"अण्णा, आत काही नाही ना?" मी विचारलं.

"रिकामी हाय. लई दिसात उडवलीच नाय."

तोंडी भरवशावर आमचा धंदा चालत नाही. मी नळ्या भिंतीकडे केल्या, वरची कळ सरकवून बंदूक उघडली. उजव्या नळीत पितळ चमकलं. भरलेलं काडतूस होतं. ते बाहेर काढून मी काउंटरवर ठेवलं.

"दसऱ्याचं," अण्णा म्हणाले. "आमच्यात रिकामी बंदूक पूजंला मांडत नाय. पूजा झाली की बार काढायचा. आता हवेत बार काढला की गुन्हा. म्हनून काढला नाय. अन् काडतूस तसंच ऱ्हायलं."

विलासनं काडतूस हातात घेतलं. "बाबा, पाचोडपासून गाडी मी चालवली. तुम्ही मागं, ही मांडीवर. बंदुकीचं तोंड माझ्या पाठीकडं."

लेकाच्या पाठीवरून अण्णांनी एकदा हात फिरवला. मग बंदूक उपरण्यानं पुसली, कपाळाला लावली आणि माझ्याकडे सरकवली.

"हीच लिव्हा, शेठ."

मी पावती केली. म्हाताऱ्यानं सही केली आणि मागं वळून पाहिलं नाही.

बापजाद्यांची बंदूक कशी द्यावी, असं अजूनही लोक विचारतात. मी म्हणतो, आधी उघडून बघा, मग ठरवा.