घरातल्या आवाजांचे गुण

दर रविवारी सकाळी चहा झाला की आमच्या घरात परीक्षा सुरू होते. परीक्षेला बसतात फ्रिज, मिक्सर, कपडे धुण्याचं मशीन, हॉलमधला पंखा, दारावरची घंटा आणि पाण्याचा पंप. परीक्षक आमचे हे. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की नापास होणाऱ्याने आधीच रडून घ्यावं. एकेक यंत्र चालू करायचं, अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकायचं आणि आवाजाला दहापैकी गुण द्यायचे. आवाज जितका जास्त तितके गुण जास्त, म्हणजे या परीक्षेत शून्यवाला पहिला. सहा वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. मुलीचं लग्न रविवारी होतं, तेव्हा ते पहाटे उठून पंपाजवळ उभे होते.

हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत आणि तिथे त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. कारण त्यांची तपासायची पद्धत. मोटर चालू ठेवायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या बेअरिंगपाशी टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मग सांगायचं, "सहा आठवडे काढेल." आणि मोटर सहाव्या आठवड्यात मान टाकायची. सव्वीस वर्षांत या कानांनी कंपनीचं नाक कितीदा वाचवलं याची मोजदाद साहेबांकडेसुद्धा नाही. मीही त्यांना डॉक्टरच म्हणते, फक्त माझ्या म्हणण्यात आदर किती हे त्या दिवशीच्या हवामानावर अवलंबून असतं.

माझं सांगायचं तर मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. माझा स्वभाव गोड आहे असं माझ्या सख्ख्या आईनेही कधी म्हटलं नाही. मला पुटपुटायची सवय आहे. मोठ्याने भांडायला वेळ नसतो, म्हणून हात चालू ठेवून मी हळू आवाजात भांडते. ओला टॉवेल पलंगावर, दिवा चालूच, वायरींना डाग दिल्याचा धूर पडद्यांत, असे माझे विषय ठरलेले आहेत. पूर्वी डॉक्टर बाहेरच्या खोलीतून प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचे आणि भांडण रीतसर व्हायचं.

परीक्षा संपली की डॉक्टर घरच्यांच्या ग्रुपवर साप्ताहिक अहवाल टाकतात. त्यात तीन सदरं. काम, घर आणि प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे गॅलरीतलं एक कपाट आणि त्याच्यासमोरचं स्टूल. तिथे त्यांनी एका जुन्या लॅपटॉपला माइक जोडून आवाज दाखवणारं यंत्र बनवलंय. पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. ग्रुपवर आमची लेक, जावई आणि नणंदबाई. नणंदबाई प्रत्येक अहवालाला अंगठा दाखवतात आणि मग मला फोन करून विचारतात, काय लिहिलंय गं त्याने.

गेलं वर्षभर अहवाल फार आनंदाचे येत होते. एक नमुना देते. "काम: सात मजली इमारतीची लिफ्ट तपासली, मोटर ठणठणीत. घर: फ्रिज सहावरून तीनवर, पायाखाली रबर घातल्याचा परिणाम. मिक्सर आठवरून पाचवर. प्रयोगशाळा: माइक परत बदलला. हा तिसरा. हाही आवाज जास्तच दाखवतो. बाजारात चांगला माल उरला नाही."

त्यातच आणखी एक मोठी बातमी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून डॉक्टर मुख्य तपासनीस होणार होते. म्हणजे दुरुस्ती कोणीही करो, शेवटी मोटर ऐकायची यांनी आणि यांची सही झाली की मगच लिफ्ट लोकांसाठी उघडायची. या जागेची त्यांनी वीस वर्षं वाट पाहिली होती. मी त्यांच्यासाठी नवा शर्ट कापून ठेवला होता.

मग तो अहवाल आला. लेकीने गंमत म्हणून सुचवलं होतं, बाबा, आईलापण गुण द्या. आमच्या यांना असल्या सूचना फार लवकर पटतात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडला तर शेवटची ओळ होती, "गृहखातं: आठवरून चारवर. गेल्या वर्षात स्वभाव बराच निवळला. घरात शांतता."

मी ओळ दोनदा वाचली. शेजारच्या काजेबटणवाल्या बाईंनी माझ्या खांद्यावरून वाचली आणि त्यांना ठसका लागला. मी निवळले? मी? आदल्याच दिवशी ओल्या टॉवेलवरून मी दहा मिनिटं पुटपुटले होते. खरं तर वर्षभरात माझं बोलणं वाढलंच होतं, कारण समोरून उत्तर येत नव्हतं आणि रान मोकळं होतं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की डॉक्टर सुधारले. वय झालं, शहाणपण आलं, आता उलट बोलत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीला मी हे अभिमानाने सांगितलंही होतं.

त्या दुपारी शिलाई विभागातून चाळीस बाह्या परत आल्या. सगळ्या बोटभर लांब. मुकादम म्हणाला, कापडच सैल आलंय. मी म्हटलं, "कापडाला नावं ठेवू नका. एक बाही लांब आली तर कापणाऱ्याचा हात चुकला. सगळ्याच लांब आल्या तर टेप तपासा." ज्या टेपने मापं घेतली होती ती मी लोखंडी पट्टीशेजारी ठेवली. वापरून वापरून ताणली गेली होती. मुकादमाला ती दाखवायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

फ्रिज सुधारला, मिक्सर सुधारला, पंखा सुधारला, बायको सुधारली. आणि तीन माइक खोटे निघाले.

मी टेबलाला टेकून उभी राहिले. मला घरातल्या फ्रिजची काळजी नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर लिफ्टमध्ये चढणारी माणसं होती आणि खाली डॉक्टरांची सही. एक तारखेला तेरा दिवस उरले होते.

ताबडतोब सांगावं की नाही, या विचारात मी पुढचे सहा दिवस काढले. ज्या माणसाचा सगळा मान कानांवर उभा आहे त्याला कसं सांगणार? आणि नुसतं सांगून ते ऐकणाऱ्यातले नाहीत. त्यांना पुरावा लागतो. म्हणून रविवारी चहा झाल्यावर मी म्हटलं, "आज मीपण गुण देणार. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचं. आधी एकमेकांना दाखवायचं नाही."

डॉक्टर खूश झाले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी या शास्त्रात रस घेतला होता. मला पेन्सिलसुद्धा त्यांनी टोक करून दिली.

पहिला पंप. माझे सात, त्यांचे सात. "बघ," ते म्हणाले, "कान आहे तुला." मग फ्रिज. माझे सहा, त्यांचे दोन. त्यांनी माझी चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे खरं उत्तर असेल. "तू नवीन आहेस ना, होतं असं." मग मिक्सर. माझे आठ, त्यांचे चार. घंटेला माझे नऊ, त्यांचे तीन.

"जाड आवाज जुळतोय," मी म्हटलं. "बारीक जुळत नाही. आता तुमचं यंत्र लावा."

"त्याचा माइक बरोबर नाही. सांगितलं ना."

"अहो, तीन दुकानांतले तीन माइक एकच खोटं बोलतात?"

त्यांनी यंत्र लावलं. फ्रिज पडद्यावर वरच्या बाजूला जाड लाल पट्टा काढत होता, चांगला किंचाळत असल्यासारखा. डॉक्टर पट्ट्याकडे बघत राहिले आणि मान तिरकी करून फ्रिजचा आवाज ऐकत राहिले. नाचता येईना अंगण वाकडं, असं एरवी मी टाकलं असतं. त्या दिवशी जीभ वळली नाही.

मी त्यांना चाळीस बाह्यांची गोष्ट सांगितली. टेपपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. सगळं कळलं होतं. तरी मी म्हटलं, कारण ते म्हणायलाच हवं होतं, "मला भीती वाटतेय. तुमच्या सहीची."

त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं, स्टुलावर बसले आणि वही उलटी चाळायला लागले. चौदा महिने मागे गेल्यावर थांबले. "सगळे एकदम सुधारलेत," ते म्हणाले. "एकाच महिन्यापासून. असं कधी होत नाही. दुसऱ्याच्या वहीत मला हे एका मिनिटात दिसलं असतं."

"आता?"

"आता काय, पट्टी तपासायची."

या माणसाचा मला कधी कधी फार राग येतो, पण त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी लगेच बोलूनही दाखवला. म्हटलं, पुन्हा ऐकायला मिळेल न मिळेल.

सोमवारी त्यांनी स्वतः साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. पाठोपाठ त्या चौदा महिन्यांत ऐकून पास केलेल्या मोटरींची यादी ठेवली. एकूण छत्तीस. गॅलरीतलं यंत्र पिशवीत घालून कामावर नेलं आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या तंत्रज्ञबाईंना घेऊन छत्तीसच्या छत्तीस मोटरी पुन्हा तपासल्या. दोन बेअरिंग झिजलेली निघाली. अजून धोका नव्हता, पण पावसापाण्याचं कोणी सांगावं, तसंच यंत्राचं. दोन्ही त्याच दिवशी बदलली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की वर्षानुवर्षं मोटरींजवळ उभं राहून बारीक आवाज ऐकणारा भाग गेलाय. तो परत येणार नाही, मशीन लावून भागेल.

मुख्य तपासनीसाची जागा तंत्रज्ञबाईंना मिळाली. साहेब चांगले बोलले, यंत्र कंपनीत हवंय म्हणाले, वर्षभराने परत विचार करू म्हणाले. डॉक्टरांनी बाईंचं अभिनंदन केलं, त्यांना यंत्र कसं लावायचं ते शिकवलं, घरी आले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. मी नवा शर्ट घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवला. त्या रविवारी अहवाल गेला नाही. नणंदबाईंचा फोन आला, "त्याची तब्येत बरी आहे ना? मला अंगठा दाखवायला काही आलंच नाही."

पुढच्या आठवड्यात कानाची मशीन मिळाली. वालाच्या दाण्याएवढी, कानामागे बसणारी. डॉक्टरांनी आधी तिची माहितीपुस्तिका दोनदा वाचली, त्यातल्या दोन चुका काढल्या, मगच लावली. दवाखान्यातून घरापर्यंत चालत आलो तर दर दहा पावलांनी थांबत होते. वाळकी पानं, सायकलची साखळी, माझ्या पर्समधल्या किल्ल्या. घरात शिरले आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले.

"हा फ्रिज कायम असा ओरडतो?"

"चौदा महिने झाले."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"रोज बोलत होते," मी म्हटलं.

मग त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागे हत्यारं घेऊन बसले. त्या रविवारी ग्रुपवर अहवाल गेला. "दुरुस्ती: मागील चौदा महिन्यांचे सर्व गुण रद्द. कारण: परीक्षक. तिन्ही माइकांची जाहीर माफी. फ्रिजचा पंखा बदलला, आता खरोखर तीन. काम: तंत्रज्ञबाईंबरोबर यंत्र घेऊन फिरतो, त्या ऐकतात, मी बघतो, दोघांचं जुळलं तरच सही." लेकीने आधी हसणारे चेहरे पाठवले आणि मग मला फोन करून बराच वेळ रडली. नणंदबाईंनी अंगठा दाखवला.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. मी ओट्यापाशी काहीतरी चिरत होते. बाहेर खुर्चीवर ओला टॉवेल दिसला. सवयीने, मान वर न करता, पुटपुटले, "पंचवीस वर्षं सांगतेय, दोरी बांधलीये ती शोभेला."

"उचलतो," बाहेरून आवाज आला.

माझा हात थांबला. किती दिवस मी या घरात एकटीच बोलत होते. ज्याला मी शहाणपण समजले, समजूतदारपणा समजले, बहिणीला सांगून मिरवले, ते नुसतं न ऐकू येणं होतं. माझा एक शब्द पोचत नव्हता आणि मला ते चांगलं वाटत होतं. डोळे भरून आले, आणि मी कांदा चिरत नव्हते.

खात्री करावी म्हणून मी आणखी हळू म्हटलं, "आणि पलंगाखालच्या वायरी."

"त्यांना हात लावू नकोस. त्या लावून ठेवल्यात."

"लावून ठेवल्यात? पायात येतात माझ्या."

"तू बघून चालत नाहीस."

मी सुरी खाली ठेवली, पदर खोचला आणि बाहेर गेले. पंधरा मिनिटं आम्ही भांडलो, अगदी रीतसर, वाक्याला वाक्य. टॉवेल दोरीवर गेला, वायरी तिथेच राहिल्या.

रविवारी वही उघडी पडली होती. पंप सात, मिक्सर आठ, घंटा नऊ. खाली गृहखात्यापुढेही नऊ. मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि नवाचे दहा केले.