ताठ मानेचं बदक

माझ्या मावशीने शिवलेल्या उशीवर डोकं टेकून कुणी शांत झोपला असेल, तर त्याने पुढे यावं. मी स्वखर्चाने त्याचा सत्कार करीन. आमच्या नात्यातल्या एकेका घरात तिच्या हातची मूठभर कुशनं आहेत, शिवाय मांजर, घुबड, ससा, हत्ती यांपैकी जे ज्याच्या वाट्याला आलं असेल ते. सगळं छापील कापडाचं. कुणाच्या अंगावर छत्र्या, कुणाच्या अंगावर मासे, कुणाच्या पोटावर मोठमोठी पिवळी फुलं. रंग असे निवडलेले की बघत राहावं, शिवण अशी की टाका दिसू नये. फक्त हात लावू नये, कारण आत कापूस आहे यावर विश्वास बसत नाही. माझा धाकटा दीर एकदा गमतीने बायकोला कुशन फेकून मारायला गेला, तर समोरचा फुलदाणीचा स्टँड मोडला.

मावशीची सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीमागे गेली. बिलावर शिक्का मारायची तर असा, की खालच्या कागदावरही उमटावा. निवृत्त झाल्यावर तो सगळा जोर शिलाई मशीनच्या खोलीत आला. हल्ली कापडावर प्राण्याचं पोट आणि पाठ छापूनच मिळते, भोवती तुटक रेघ असते; रेघेवर कापायचं, शिवायचं, भरायचं. मावशीचा त्या रेघेवर विश्वास नाही. "छापणाऱ्याने कधी शिवलंय का?" असं म्हणून ती बोटभर बाहेरून कापते. मग दोन्ही तुकडे उलटे ठेवून शिवते, शेपटीखाली हात जाईल एवढी जागा सोडते, त्यातून अख्खा प्राणी सुलटा करते, विणायच्या सुईने चोच नाहीतर कान बाहेर काढते. इथपर्यंत सगळं देखणं असतं. त्यानंतर ती भरायला बसते.

भरायला ती लाकडी चमच्याचा दांडा वापरते. कापूस घालायचा, दांड्याने ठासायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ठासायचा. काका म्हणतात, ती भरायला बसली की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. बिचाऱ्या काकांना स्वतःच्या घरात सोफ्यावर बसायची सोय राहिलेली नाही, कारण सोफ्यावर कुशनं असतात आणि कुशनं पाहुण्यांसाठी असतात. पाहुणे आले की कुशनं उचलून खुर्चीवर ठेवतात आणि मग सोफ्यावर बसतात. काका तेव्हा त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी बघतात की मला गलबलून येतं.

"माझी एकही शिवण आजवर उसवली नाही," हे मावशीचं आवडतं वाक्य. आम्ही सगळे माना डोलवतो. "बाजारात असं मिळणार नाही," असं कुणीतरी म्हणतंच, आणि त्यात खोटं काही नसतं.

या ठासण्यामागे एक बदक आहे. ताई, म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, लहान असताना मावशीने जुन्या पडद्याचं एक बदक शिवलं होतं. ते तिचं पहिलंच. कापूस कमी पडला होता म्हणा किंवा हात बसला नव्हता म्हणा, बदकाची मान उभी राहत नसे. ताईला त्याचं काही नव्हतं. मान मुठीत धरून ती त्याला घरभर ओढायची, जेवताना मांडीवर घ्यायची. एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ताई ते बदक घेऊन बाहेर आली आणि मावशीची नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं वहिनी, पोरगी ही मेलेली कोंबडी कुठून घेऊन आली?" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीही हसली. पाहुणे गेल्यावर तिने बदक उसवलं, घरातला सगळा कापूस त्यात कोंबला आणि मान अशी ताठ केली की बदक एखाद्या साहेबासारखं दिसायला लागलं. त्यानंतर आमच्यात तिच्या शिवणकामाला कुणी हसलेलं नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

आता या वस्तूंचं आम्ही काय करतो, ते सांगायला हवं. फेकायची कुणाची छाती नाही, आणि खरं म्हणजे गरजही नाही, कारण त्या फार उपयोगी आहेत. माझ्याकडचं मांजर कपाटाचं दार धरून ठेवतं. घुबड स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं, कितीही वारा सुटू दे, खिडकी जागची हलत नाही. माझा मामा उतारावर गाडी लावतो तेव्हा चाकाखाली ससा ठेवतो. आणि मावशी कुणाच्या घरी निघाली की आधी त्या घरात फोन जातो, "निघाली गं." एवढं ऐकलं की कपाटाचं दार मोकळं होतं, मांजर झटकून सोफ्यावर येतं, सशाचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं जातं. कुठल्याही सरकारी खात्यात इतकी चोख व्यवस्था नसेल. आम्हाला तिचं मन मोडायचं नव्हतं, हे खरं. मन न मोडण्यासाठी आम्ही एवढे कष्ट घेत होतो की त्यातल्या निम्म्या कष्टात तिला खरं सांगून झालं असतं, हेही खरं.

ताईला मुलगी झाली तेव्हा मात्र मावशीने कंबर कसली. चिंगीसाठी बदकच शिवायचं, हे ठरलेलं होतं. पांढऱ्या कापडावर लाल छत्र्या, केशरी चोच, मान ताठ. दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल ती देऊन झाल्यावर चौकशी करत नसे. या बदकाबद्दल रोज करायची. "चिंगी घेते का गं जवळ?" ताई दुसऱ्या गावात राहते, त्यामुळे फोनवर सांगायची, "अगं, सोडतच नाही." मध्येच एखादा फोटो यायचा: पाळण्यात चिंगी, शेजारी बदक. तो फोटो मावशी मशीनसमोर टाचणीने लावायची. मी बारकाईने पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक फोटोत बदक एकाच जागी आहे आणि चिंगी त्याच्यापासून जमेल तितकी लांब.

चिंगी तीन वर्षांची झाली, बोलायला लागली, आणि एका सकाळी मला ऑफिसच्या कामासाठी ताईच्या गावी जायचं होतं. मावशीला कुठून कळलं कोण जाणे. मी गाडी काढते तोवर ती पिशवी घेऊन फाटकाशी उभी. "मलाही ने. चिंगी बदकाशी काय बोलते ते मला ऐकायचंय." पेट्रोल पंपावर उतरून मी ताईला फोन लावला. उचलला नाही. मावशीच्या जावयाला लावला, त्याचा बंद. चहाच्या निमित्ताने पुन्हा थांबले, पुन्हा लावला. मावशी म्हणाली, "अगं, किती चहा पिशील? उशीर होतोय."

दार जावयाने उघडलं. हातात लापशीची वाटी, खांद्यावर टॉवेल. मावशीला पाहून त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची दया आली. त्याने मागे वळून पाहिलं, आणि माणूस जिकडे बघतो तिकडे दुसऱ्याचं लक्ष जातंच.

बदक गॅलरीच्या दाराशी होतं. तोंड भिंतीकडे, पाठीने दार रेटून धरलेलं. रोजच्या फरशी पुसण्याने खालच्या छत्र्या राखाडी झाल्या होत्या. मान मात्र ताठ होती.

"ते आज चुकून, म्हणजे खेळता खेळता तिनेच तिथे..." जावई म्हणाला.

ताई आतून धावत आली आणि तिनेही तेच सुरू केलं, "अगं आई, आत्ताच, अगदी आत्ता..."

एवढ्यात चिंगी आली. आजीने तिला जवळ घेतलं, बदकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे कुणाचं गं?"

"दाराचं," चिंगी म्हणाली.

इतक्या वर्षांची आमची व्यवस्था त्या पोरीने एका शब्दात मोडीत काढली होती. मावशीच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, पण ते नुसतं उरलं होतं. मला त्या क्षणी स्वतःची आणि आमच्या सगळ्या गोतावळ्याची लाज वाटली.

"मग तुझं कुठलं?" तिने विचारलं.

चिंगी आत गेली आणि उशीचा एक अभ्रा घेऊन आली. उशी नव्हे, नुसता अभ्रा. धुऊन धुऊन विटलेला, एका कोपऱ्याला चावलेला. मावशीने दुकानात कापड बघावं तसा तो अंगठ्या-बोटात चोळून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आई," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या बदकाची मान तू ताठ केलीस ना, त्यानंतर मी त्याला घेतलंच नाही. तुला आठवतं?"

"तू मोठी झालीस म्हणून सोडलंस, असं वाटलं मला," मावशी म्हणाली. "कात्री आण."

ती जेवणाच्या टेबलाशी बसली, बदक उताणं केलं आणि स्वतःच्याच टाक्यांवर कात्री चालवली. सहज उसवेना, आपल्याच हाताला चार शब्द ऐकवत तिने एकेक टाका तोडला. मग कापूस यायला लागला. मुठी भरभरून आला, टेबल भरलं, ताईने एक पिशवी आणली, मग दुसरी. जावई न राहवून म्हणाला, "यात गादी झाली असती." कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. बदकाचं पोट बसलं आणि शेवटी मान हळूच एका बाजूला पडली.

मावशीने पटकन मान वर करून आमच्याकडे पाहिलं. कोण हसतंय ते बघत होती. नणंद तिथे नव्हती, तरी ती तिलाच शोधत होती. आम्ही कुणी हसलो नाही, आणि यावेळी ते तिचं मन राखायला नव्हतं.

तिने शेपटीखाली टाके घातले आणि बदक खाली ठेवलं. चिंगीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मग मान मुठीत धरली, बदक खांद्यावर टाकलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. त्याच वेळी गॅलरीचं दार धाडकन आपटलं. पुढचा सगळा वेळ, आमचा चहा होईपर्यंत, जावई एका हाताने दार धरून उभा राहून चहा पीत होता. आतून चिंगीचा आवाज येत होता, ती बदकाला फार रागावत होती. मावशी कान देऊन ऐकत होती.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "तुझ्याकडचं मांजर कशाला लावलंस?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "कपाटाच्या दाराला."

"आणि घुबड?"

"खिडकीला."

"नीट थांबतं का?"

"कध्धी हललं नाही."

"हलेल कसं," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो ऐकून मला बरं वाटलं.

पंधरवड्याने सगळ्या नातेवाइकांकडे पार्सलं गेली. प्रत्येकात एक वीट. साधी, भाजलेली वीट, पण तिला छापील कापडाचं कव्हर, कोपरे नेमके जुळवलेले, कडेने गोट, धुवायला काढता यावं म्हणून चेन. ताईच्या विटेवर लाल छत्र्या होत्या. सोबत एकच निरोप: "ही दारासाठी. प्राणी परत पाठवा, मऊ करून देते. कौतुक नको." नणंदेलाही एक गेली. तिने लगेच फोन करून सांगितलं, "वहिनी, बाजारात असं मिळणार नाही हो!" ती सवयीने बोलली होती.

काका आता सोफ्यावर बसतात. बसतात म्हणजे रुततात, आणि उठायला हात मागतात, पण तक्रार नाही.

आणि परवा मावशीचा मला भरदुपारी फोन आला. आवाज इतका चढलेला की मी घाबरलेच. "अगं, ताईचा फोन आला होता! उसवलं! मानेपाशी उसवलं, ओढून ओढून! चोच पण लोंबतेय म्हणे. उद्याच्या उद्या ये म्हणाली, पोरगी झोपत नाहीये." मला सांगून झाल्यावर तिने मामाला सांगितलं, मग नणंदेला. आजवर तिच्याकडे दुरुस्तीला आलेली ही पहिली वस्तू होती.