सहा-सहा महिन्यांचा निवाडा

शहाणपणासाठी रोज प्रार्थना करावी आणि ऐन वेळी ते आपल्यापाशी नाही असे कळावे, तसे माझे गेल्या वर्षी झाले. आमच्या चर्चच्या मंडळीत मी वडीलपदावर आहे. त्यामुळे नात्यातली भांडणे माझ्या दारात येतात, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडायचे. केदारखेड्याला माझ्या मावशीचे यजमान वारले, तेव्हा तिला कुणी न्यायचे यावरून तिच्या दोन्ही मुलांत जुंपली. थोरला भोकरदनला राहतो, धाकटा जालन्यात एमआयडीसीत कामाला आहे. दोघांचा तिच्यावर जीव, पण दोघेही हट्टाला पेटलेले. "ताई, तू म्हणशील ते बराबर," म्हणत ते माझ्याकडे आले.

मला बायबलातला शलमोन राजा आठवला. एका बाळावर दोन बायांनी हक्क सांगितला, तेव्हा त्याने तलवार मागवली आणि बाळाचे दोन तुकडे करा म्हणाला. जी कळवळून मागे सरली, तीच खरी आई ठरली. मीही माझी तलवार काढली. मावशी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असे सांगितले. वाटले, एक जण तरी म्हणेल, तिची फरफट नको, राहू दे त्याच्याचकडे. दोघे लगेच कबूल झाले आणि चहा पिऊन गेले. शहाणपण माझ्याच अंगाशी आले.

मावशीला केदारखेड्याहून घेऊन भोकरदनला थोरल्याकडे पोचवायला मी जालन्याहून एसटीने निघाले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई नातीला सुलेमान बादशाची गोष्ट सांगत होत्या. तो आमचाच शलमोन. त्याची फौज येताना पाहून एक मुंगी बाकीच्या मुंग्यांना म्हणाली, बिळात शिरा, नाहीतर चिरडून जाल. ते बादशाच्या कानी पडले. "इत्ता बडा बादशा," बाई म्हणाल्या, "पन चिंटी की बात सुनने कू रुक गया."

 तलवार मागवण्याआधी शलमोनाने देवाकडे ऐकणारे मन मागितले होते. रविवारच्या शाळेत मुलांना मीच ते शिकवते. बाळाला बोलता येत नव्हते. मावशीला येत होते, आणि तिला आम्ही कुणीच विचारले नव्हते.

केदारखेड्याला उतरले, तेव्हा मावशी गाठोडे बांधून ओट्यावर बसली होती. तुला कुठे राहायचे आहे, असे मी विचारले. ती गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. उपदेश न करता मी थांबले, ही काही माझी सवय नव्हे.

"तुह्या काकाची माती हितं हाय," ती म्हणाली. "मला हितंच ऱ्हायचंय. पन इचारलं कुनी?"

गाठोडे मी माझ्या हाताने सोडले. वाटणी आता मुलांची झाली आहे. आळीपाळीने ते केदारखेड्याला मुक्कामाला येतात, कुरकुरत का होईना, आणि मावशी त्यांना गरम भाकरी वाढते.

एसटीत त्या बाईंना माझ्या शेजारी कुणी बसवले, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. त्यांचे नावही विचारायचे राहिले, म्हणून देवाचेच आभार मानते. पूर्वी आमेन म्हटले की माझी प्रार्थना संपायची. आता आमेननंतर मी थोडा वेळ तशीच बसून राहते.