सुलूकाकूंच्या पाकळ्या

सुलूकाकू लाकडाच्या पाकळ्या भाजायच्या. मस्कतमध्ये, दार्सैतला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, लोखंडी कढईत, किनाऱ्यावरून आणून धुतलेल्या वाळूत. नखासारखी पातळ पाकळी चिमट्यात धरायच्या, तिची एकच कड गरम वाळूत खुपसायच्या आणि डोळे मिटायच्या. "रंग बघत बसलं तर उशीर होतो गो. वास आला की काढायची. जळली की खलास."

चिपळूणला त्यांच्या वडिलांची फुटाण्यांची भट्टी होती, त्यामुळे वाळू ओळखीची. काका फर्निचरच्या कारखान्यात टेबलांवर रंगीत लाकडाची फुलं जडवायचे. फ्रान्सच्या कुठल्याशा राजाच्या टेबलाची नक्कल, इथल्या मोठ्या घरांसाठी. भाजलेल्या कडेमुळे पाकळीवर सावली पडे आणि सपाट फूल उमलल्यासारखं वाटे. मी त्याच कंपनीच्या शोरूममध्ये होते. संध्याकाळी काकूंच्या ओट्याशी उभी राहायचे. माझं मराठी अडखळायचं, पण तिथे बोलावं लागत नसे. गोडसर धूर, पडद्यातून येणारं तांबूस ऊन, ताटात थंड होणाऱ्या पाकळ्या.

पुरं झालेलं टेबल काकूंनी कधीच पाहिलं नव्हतं. "मुलगी सासरी पाठवली, पण लग्न बघितलं नाही, असं झालंय माझं," त्या म्हणत.

काका-काकू कायमचे गावी निघाले, त्याच आठवड्यात काकांचं शेवटचं टेबल शोरूममध्ये आलं. दुपारी ते गिऱ्हाइकाकडे जाणार होतं. अर्बाबना, म्हणजे मालकांना, न विचारता कुणाला आत नेता येत नसे, आणि मी त्यांच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे कधी बोलले नव्हते. काकूंना दाराशी उभं करून मी त्यांच्याकडे गेले. "सर, ती फुलं या बाईंनी भाजली आहेत."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. "यल्ला, चला," म्हणत स्वतःच टेबलावरची चादर काढली.

काकूंनी हात लावला नाही, बोट फुलांवरून अधांतरी फिरवत राहिल्या. आमचा सेल्समन म्हणाला, "आंटी, असली तो राजा का था. ये कॉपी है."

"त्या राजाची फुलं एव्हाना विटली असतील," काकू मला म्हणाल्या. "माझी आत्ता उमललीत."

मग एका पानाखालच्या पाकळीवर त्यांचं बोट थबकलं. "ही बघ. आई गेल्याचा फोन आला तेव्हाची. जास्त लागली होती. टाकून द्या म्हटलं होतं ह्यांना."

काकांनी ती टाकली नव्हती. जिथे सावली सगळ्यात गडद हवी, तिथे बसवली होती.

"सांगितलं नाही मला," काकू म्हणाल्या, आणि डोळे मिटून टेबलावर वाकल्या, वास येतो का बघायला.