बिनतोंडाचा फोटो

आमचे जुने वर्गमित्र भेटले की कलेबद्दल कोणी बोलत नाही. पाच वर्षं आर्ट कॉलेजात काढली, पण रंगसंगतीचे नियम विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील! असाइनमेंटच्या फजित्या मात्र विचारा. माळ्यावरच्या सामानासारख्या त्या साचल्यात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. माझ्या बहुतेक मालवणच्या, कारण दर सुट्टीत सर घरी करायला काम देत आणि माझं घर मालवणला.

साठ सालाच्या थोडी अलीकडची गोष्ट. आधी आबांबद्दल सांगायला हवं, त्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

आबा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेतले आबा मास्तर. एकोणतीसचा पाढा हा त्यांचा खास विषय. भले भले तिथे अडखळायचे. मग आबा लाकडी रूळ उचलायचे, करंगळी ऐटीत दूर ठेवून. मारायच्या आधी तो स्वतःच्याच डाव्या तळव्यावर तीनदा वाजवायचे. टक. टक. टक. तिसऱ्या ठोक्याला समोरच्या पोराचा हात न सांगता पुढे यायचा! गावात तीन पिढ्यांनी तो हात पुढे केलेला आहे. मीसुद्धा.

आबा घरात मालवणी बोलत. राग आला की मात्र शुद्ध पुस्तकी मराठी. ती सुरू झाली की आई तव्यावरची भाकरी सोडून बाहेर यायची. मी तिसऱ्या वर्षात एकदा नापास झालो, त्या दिवशी आबा म्हणाले, "यंदा उत्तीर्ण झालास तर उत्तम. अन्यथा तू शिक्षकाच्या प्रशिक्षणास जाशील. हा माझा अंतिम निर्णय आहे."

भाकरी करपली त्या दिवशी. मला चित्रं काढायची होती हो, दुसरं काही येतच नव्हतं!

* * *

पहिल्या वर्षाचा एक छोटा किस्सा आधी सांगून टाकतो. वस्तुचित्र काढायचं होतं, म्हणून मी सहा बांगडे ताटात मांडून बसलो. अंगावरची निळी झाक, पोटाची चंदेरी चमक, जीव ओतून काम चाललेलं. पाच झाले. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा ती ताटच घेऊन गेली!

"अगो आये, सव्वो रवलो मां!"

"रवलो तर रवलो. चित्रातलो काय कोण खाणा नाय. ह्ये वास मारूक लागतले."

कॉलेजात सरांनी विचारलं, "सहाव्या माशाची नुसती रेघच?"

"सर, तो तळला."

सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'ताजेपणा उत्तम.' तेवढ्यावर पास!

* * *

नापास झालो ते डिझाइनमुळे. तेच वर्ष पुन्हा करताना सर म्हणाले, "एवढा कोकणातला तू, पिंगुळीला जाऊन चित्रकथी बघितलीस का कधी?" नव्हती बघितली. घरापासून एवढ्या जवळ, आणि मुंबईच्या माणसाने सांगावं लागलं! दिवाळीच्या सुट्टीत गेलो.

तिथे एक म्हातारे आजोबा अंगणात जुन्या चित्रांची चळत पुसत बसले होते. ही चित्रं दाखवत दाखवत त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रामायण सांगितलेलं. मी माझं डिझाइन मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे उलगडलं. वेली, पानं, फुलं, कोपऱ्यात मोर, उरलेल्या कोपऱ्यात आणखी एक मोर.

आजोबांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"झिला, कागद म्हाग झालो काय रे?"

"नाय, कित्याक?"

"मगे सगळो कित्याक भरलंस? थोडो बघणाऱ्याक ठेव!"

तीन वर्षांत कॉलेजने जे शिकवलं नव्हतं, ते एका वाक्यात! मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो.

* * *

त्याच सुट्टीत फोटोग्राफीची असाइनमेंट होती. कॉलेजचा कॅमेरा, बारा फोटोंचा एकच रोल. विषय एका वाक्याचा: 'तोंड न दाखवता माणूस दाखवा, पण ओळखू आला पाहिजे.' सगळ्यात चांगला फोटो मोठा करून त्याचं पोस्टर करायचं. यावरच वर्षाचा निकाल!

मी सरळ किनारा गाठला. रापण चालली होती. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं, एकेका दोराला वीस-वीस माणसं. ताणलेल्या पाठी, दोरावर आवळलेल्या मुठी. तोंडं सगळी समुद्राकडे. मला आणखी काय हवं? मी मागून कॅमेरा डोळ्याला लावला.

कोणीतरी मागे बघितलं. "अरे, फोटो काडता!"

झालं! चाळीसच्या चाळीस माणसांनी दोर सोडला आणि माझ्याकडे तोंड करून, हात बाजूला घट्ट चिकटवून रांगेत उभी राहिली. मागे जाळं निवांत समुद्रात निघालं.

रापणीचा म्होरक्या बाबल तांडेल बोंबलत धावत आला. "दोर सोडल्यात कित्याक रे? म्हावरा गेला मां सगळा!" मी घाबरून कॅमेरा खाली घेतला. तसा तो माझ्यावरच ओरडला, "तू थांबलंस कित्याक? म्हावरा गेलाच आसा, आता फोटो तरी काड. मी मदी आसंय मां?"

पहिला फोटो असा गेला. बाबलसकट ब्याऐंशी डोळे माझ्याकडे रोखलेले!

* * *

मग काकीला विचारलं. तिच्या अंबाड्यावरचा अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, मला फोटोत हवा होता. काकी नथ, पाटल्या, नवं लुगडं घालून ओट्यावर येऊन बसली. मी म्हटलं, "काकी, आता तिकडे तोंड कर."

"एवढी नटान बसलंय, आणि ह्यो पाठ मागता!"

फोटो दिलाच नाही. वर वाडीभर सांगत सुटली, "आमचो झिल मुंबैत जाऊन बायलमाणसांचे पाठमोरे फोटो काडूक शिकलो!"

पुढचे चार दिवस वाडीतली एक बाई मला पाठ दाखवीना. विहिरीवरून कळशी घेऊन निघालेल्या बायका मी दिसलो की घरापर्यंत उलट्या चालत जायच्या!

* * *

असे अकरा फोटो संपले. एकही धड नाही. आगबोटीला एक दिवस उरला, आणि आबा स्वतःच म्हणाले, "सगळ्या गावाचे काडलंस. बापाशीचो एक काडशीत काय नाय?"

मला 'नाही' म्हणवेना. आबांनी दाढी केली, शाळेच्या तपासणीला घालायचा कोट घातला, काळी टोपी घातली आणि अंगणातल्या खुर्चीवर बसले. "हसू की गंभीर रवू?"

"गंभीर. आणि हातात रूळ घ्या."

"रूळ कित्याक?"

"शोभतो."

मी उजेड बघत होतो, पुढे सरत होतो, मागे जात होतो. आबांचा धीर सुटत चालला. नकळत रूळ वर गेला, करंगळी दूर झाली, डावा तळवा उघडला. टक. टक. मी कॅमेरा खाली वळवला आणि तिसऱ्या ठोक्याला बटण दाबलं.

"तोंड नीट इला मां?"

"इला, आबा."

आबांशी एवढं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. बोटीत चढेपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

* * *

निकाल आधीच सांगतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको: मी पास झालो. नुसता पास नाही, वर्गात पहिला! प्रशिक्षणाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण तो पहिला नंबर कसा आला, ते ऐका.

पोस्टर मी पिंगुळीच्या आजोबांना स्मरून केलं. एका बाजूला दोन हात आणि रूळ, बाकी सगळा कागद पांढरा. खाली नाव नाही, अक्षर नाही.

बाहेरून आलेले परीक्षक त्यापुढे उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अर्धा कागद रिकामा. माणसाला तोंड नाही. हे हात कोणाचेही असतील! ओळखणार कोण?"

आमचे सर म्हणाले, "ज्याने त्यांना पाहिलंय, तो ओळखेल."

"बोलायला ठीक आहे हो," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी गुण मांडायला पेन उघडलं. समोर मला शाळा, फळा आणि एकोणतीसचा पाढा दिसायला लागला.

"थांबा, साध्या माणसालाच विचारू," परीक्षक म्हणाले. त्यांच्या ऑफिसातला शिपाई फाइलींचा गठ्ठा घेऊन दाराशी उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, मिशा पिकलेल्या. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "सावळाराम, इकडे ये. हा फोटो बघ. कोण आहे हे, सांगता येतं?"

सावळाराम आला. त्याने फोटो बघितला. मग त्याने डोक्यावरची टोपी सरळ केली, शर्टाचं वरचं बटण लावलं, हातातल्या सगळ्या फाइली परीक्षकांच्या हातात दिल्या, डोळे गच्च मिटले आणि उजवा तळहात वर करून फोटोपुढे धरला.

"मास्तरानू," तो म्हणाला, "एकोणतीसचो अजून येणा नाय!"