न्हाणीघरातली बाळंतीण

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करतात, हे मला नीटसं माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या नलूकाकूंना हे कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माज्यावर काय लिवतोस? तुज्या परीक्षेत येनारे का मी?" येणार नाहीत. तरीही लिहितो. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

चिखलीत आम्ही काकूंच्या घरी भाड्याने राहायचो. पुढे काकू आणि त्यांचे यजमान तात्या, मागे पत्र्याच्या खोल्यांत आमच्यासारखी बिऱ्हाडं. आम्ही राहायला आलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी पाहिलं, तर तात्या अंगणातल्या नळाखाली चड्डीवर बसून आंघोळ करत होते. फर्स्ट शिफ्टला निघालेली पोरं गाड्या हळू करून विचारत होती, "काय तात्या, घरात घेतलं नाही का?"

"न्हाणीत बाळंतीण हाय," तात्या कुडकुडत म्हणाले.

मी गोंधळलो. घरात तर ही दोघंच होती. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पाण्याच्या टँकरवाल्याला गल्लीच्या टोकावरून ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, पण तेव्हा ओठांवर बोट ठेवून त्या कुजबुजल्या, "ए कॉलेज, हळू बोल. टोमॅटोची कलमं हायेत आत." काकू मला माझ्या नावाने कधीच हाक मारायच्या नाहीत. शेवटपर्यंत मी 'कॉलेज'च होतो.

हळूहळू सगळं कळलं. काकूंचं माहेर चाकणजवळच्या एका गावातलं. त्यांच्या आईच्या शेतात एक गावरान टोमॅटो व्हायचा. चपटा, कडेने पाकळ्या पाडल्यासारखा आणि एवढा आंबट की भाजीत चिंच लागायची नाही. ते शेत आता एका कंपनीच्या शेडखाली आहे. आई गेल्यावर काकूंनी माहेराहून एकच वस्तू मागून आणली, एक जुनं फडकं. त्याला राखेत घोळलेलं टोमॅटोचं बी चिकटवलेलं होतं.

पण चिखलीच्या घरामागच्या तुकड्यात मर रोग होता. रोप हातभर वाढायचं, फुलावर यायचं आणि एखाद्या दुपारी हिरवंगार असतानाच मान टाकायचं. काकूंनी डबे भरून बाहेरची माती आणली, तीतही तोच रोग निघाला. दरवर्षी फडक्यावरचं बी कमी होत होतं आणि जुन्या बियातलं उगवतही थोडंच होतं. "औंदा न्हाई जगलं तर आईचं टोमॅटो संपलं," त्या म्हणायच्या. मोठ्याने बोलणारी बाई हे वाक्य मात्र खाली बघून बोलायची.

कलमाची कल्पना त्यांना फोनवरच्या एका व्हिडिओतून मिळाली. व्हिडिओ कुठल्या तरी परक्या भाषेतला होता. मी विचारलं, "काकू, तुम्हाला त्यातलं काय कळलं?" त्या म्हणाल्या, "हात बघायचं रे. तोंडाकडं कशाला बघायचं?" नदीकाठच्या रानवांग्याचं बी आणून त्यांनी रोपं केली, कारण रानवांग्याच्या मुळांना ती मर लागत नाही. त्यावर आईच्या टोमॅटोचा शेंडा बसवायचा. "डोकं माहेरचं, पाय रानाचं," असं त्या म्हणायच्या.

मी त्यांना कलम करताना पाहिलं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर. दोन्ही रोपांची खोडं काडेपेटीतल्या काडीएवढी. अर्ध्या ब्लेडने दोन्हींना तिरका काप द्यायचा, काप एकमेकांवर टेकवायचे आणि सायकलच्या वॉलट्यूबचा, त्या बारीक रबरी नळीचा, चिरलेला तुकडा त्यावर चढवायचा. एवढंच. पण त्या क्षणी काकू श्वास घेत नसत. पंखा बंद, तात्यांचा रेडिओ बंद. त्या जाड, चिरा पडलेल्या बोटांमध्ये ते हिरवे तुकडे असे जुळायचे की कुठे कापलं होतं ते मला दिसायचंही नाही. देवळात जसं आपोआप गप्प व्हायला होतं, तसं मला व्हायचं.

मग बाळंतपण सुरू. रोपं क्रेटमध्ये घालून न्हाणीघरात, फरशी ओली, खिडकीला भिजवलेलं गोणपाट. वारा नको, ऊन नको, आरडाओरडा नको. पाचवीला दाराची फट, बारशाला दार सताड उघडं आणि गल्लीतल्या बायकांना घुगऱ्या. आधी माझी आई हसली होती, पण बारशाला गेली तेव्हा डोक्यावर पदर घेऊन गेली.

"कलम लागलंय हे आधी कसं कळतं?" मी एकदा विचारलं.

"न्हाई कळत. म्हनून तर दार लावून ठिवायचं. रोज उघडून बघितलं तर आपलं समाधान व्हतं, त्याचं काय व्हतं?"

पहिल्या वर्षाला माझा एक विषय राहिला, तेव्हा वडील रोज कामावरून आले की माझं पुस्तक उघडून विचारायचे, कुठवर आलं? काकूंनी त्यांना अंगणातच गाठलं. "भाऊ, सारखं उघडून बघू नगा. लागंल त्ये." वडिलांनी त्यानंतर विचारलं नाही. विषय सुटला.

त्या वर्षी थोडीच कलमं जगली. ती मागच्या तुकड्यात लावली आणि दुपारच्या उन्हातही ती ताठ उभी राहिली. काकू जेवणाचं ताट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसायच्या. मग पुतणीच्या लग्नाला त्या चाकणला गेल्या आणि इकडे तात्यांनी प्रेमाने एक काम केलं. जन्मभर टोमॅटोला जे केलं तेच केलं. रोपं खुरपून, बुंध्याशी माती ओढून छान भर लावली. कलमाची गाठ मातीखाली गेली. गाठीच्या वरच्या टोमॅटोने स्वतःची मुळं सोडली आणि रोगाच्या मातीत पाय रोवले.

काकू परतल्या आणि पुढच्या काही दिवसांत एकेका झाडाने मान टाकली. कारण त्यांना आधी कळेना. मग त्यांनी बोटांनी माती उकरली, गाठीवरची पांढरी मुळं पाहिली आणि तशाच बसून राहिल्या. तात्या खांबाला धरून उभे. आम्ही सगळे भाडेकरू दारात, आता गल्ली दणाणणार म्हणून.

"भर तुमी लावली व्हय?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"हाताला सवयच ती. तुमी तरी काय करनार?" काकू उठल्या, हात धुतले. "च्या ठिवते. पिनार न्हवं?"

चहा झाल्यावर त्यांनी ब्लेड मागितलं. एकच झाड अजून ताठ होतं. त्याचे शेंडे खुडायचे म्हणजे ते एकही फळ न देता जाणार, आणि न खुडावं तर आज ना उद्या मान टाकणार. कापलेले शेंडे लागतीलच असंही नाही. फडक्यावर आता बी उरलं नव्हतं. काकूंनी झाडावरून हात फिरवला आणि सगळे शेंडे उतरवले. पिशव्यांत मागे राहिलेली रानवांग्याची रोपं होती, त्यांवर ते बसवले. मी पुष्कळ परीक्षा दिल्या आहेत, पण एवढं धाडस करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तात्यांनी आपला तांब्या आणि साबण नळावर नेऊन ठेवला.

त्यातली तीनच जगली. उन्हाळ्यात एका संध्याकाळी काकूंनी माझ्या तळहातावर चपट्या टोमॅटोची एक फोड ठेवली, वर मीठ. आंबटपणाने माझे डोळे मिटले. "आमची आई अशीच हुती," त्या म्हणाल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल असं हसल्या. बाकीची फळं बियाला ठेवली.

पुढे वडिलांच्या वर्कशॉपजवळ पडावं म्हणून आम्ही भोसरीला आलो. दिवाळीनंतर काकूंचा फोन यायचा, "बारशाला येनार का, कॉलेज?" यंदा आला नाही. मला वाटलं, कलमं उशिरा केली असतील.

परवा कॉलेजातून आलो तर आमच्या पायरीवर तात्या बसले होते. मांडीवर तेलाचा कापलेला डबा, त्यात एक रोप. डोक्यावर बारीक पांढरे केस नुकते उगवलेले. तात्यांना मी मिशीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"काकू?" मी विचारलं.

"गेली. झोपेतच. तुमचा नंबर तिच्या फोनात, आन् त्यो फोन काय मला उघडंना. म्हनून उशीर झाला सांगाया."

आई पाणी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. तात्या डब्याकडे बघत बोलत होते.

"आदल्याच दिशी तिनं कलमं बांधून आत ठिवली हुती. मसनातून मानसं आली, समद्यांना आंघोळी करायच्या. म्या न्हाणीच्या दारात बसलो. बायकांना मागं भाडेकऱ्यांकडं धाडलं, गडी समदे नळावर. मेव्हना तापला, म्हनला, आज तरी हे सोडा की! म्या म्हनलं, आत बाळंतीण हाय."

"मग... लागली?" मी विचारलं.

"बारशापत्तुर उघडलंच न्हाई. तिनं सांगितलेलं तसं." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. रोपाच्या खोडावर वॉलट्यूबचा तुकडा अजून होता आणि त्याच्या वर नवी पानं फुटली होती. डब्यात माती थोडी कमी दिसली, म्हणून मी कुंडीतली मूठभर उचलली. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"गाठीच्या खालीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "भर लावायची न्हाई."